पकडीचे फळ आणि पकडीचा कर्ता

कर्माच्या फळावरून कर्त्याची योग्यता ठरवता येते काय, हा प्रश्न भारतीय तत्त्वचिंतनात प्रामुख्याने मोक्षाच्या संदर्भात चर्चिला गेला असला, तरी ज्या व्यवहारात फळ अंकांनी मोजले जाते, कर्त्याची किंमत लिलावात बोलली जाते आणि त्याचे पुढील वर्षाचे स्थान त्या अंकांवर ठरते, तेथे तो अधिक तीव्रतेने उभा राहतो. व्यावसायिक कबड्डी हा असा व्यवहार आहे, आणि त्यातही कोपरारक्षकाच्या, म्हणजे बचावफळीच्या अगदी डाव्या किंवा उजव्या टोकाला उभ्या राहणाऱ्या खेळाडूच्या मूल्यमापनात हा प्रश्न टाळताच येत नाही.

या प्रश्नाचा विचार औंधच्या संदर्भात करणे सयुक्तिक आहे. सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यातील हे गाव एकेकाळी बहात्तर गावांच्या संस्थानाची राजधानी होते, आणि ती गावे आजच्या सातारा व सांगली जिल्ह्यांत व त्यापलीकडेही विखुरलेली होती. संस्थानाधिपती भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराला शाळांच्या नित्यक्रमात स्थान दिले आणि शरीरसाधना ही प्रजेच्या हिताची बाब मानली. त्याच काळात पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर औंधला राहून स्वाध्याय मंडळाचे कार्य करीत होते आणि भगवद्गीतेवरील ‘पुरुषार्थबोधिनी’ ही त्यांची टीका आकार घेत होती. गीतेकडे प्रयत्नाला प्रवृत्त करणारा ग्रंथ म्हणून पाहणारी विद्वत्ता आणि घाम गाळणाऱ्या शरीराला आदराने वागवणारी राजसत्ता एका लहानशा गावात शेजारी नांदत होत्या, ही गोष्ट महाराष्ट्राच्या वैचारिक इतिहासात जितकी नोंदली जावी तितकी नोंदली गेलेली नाही. खेळाडूच्या कर्माचा विचार गीतेच्या आधारे करणे म्हणजे पवित्र ग्रंथाला क्षुल्लक विषयाकडे ओढणे होय, असा आक्षेप कोणी घेतल्यास औंधचा हा वारसा त्याला पुरेसे उत्तर देतो.

कोपरारक्षकाचे काम प्रथम समजून घेतले पाहिजे. चढाईपटू तीस सेकंदांच्या चढाईत बहुधा एका टोकाकडे झेपावतो. निदान रेषा ओलांडून तो बोनस रेषेकडे पाय टाकू लागला की त्याच्या घोट्यावर झडप घालणे, म्हणजेच घोटापकड करणे, हे कोपरारक्षकाचे मुख्य अस्त्र असते. परंतु त्याने क्षणभर आधी झेप घेतली तर चढाईपटू त्याला स्पर्श करून निसटतो, क्षणभर उशिरा घेतली तर बोनसचा गुण गेलेला असतो. शिवाय घोटा हाती आल्यावर शेजारच्या मध्यरक्षकाने साखळी धरून आत येऊन अंगावर भार टाकला नाही, तर बलवान चढाईपटू पाय ओढत मध्यरेषा गाठतो. पकडीचा गुण मात्र सहसा ज्याने पहिला हात घातला त्याच्या नावावर नोंदवला जातो. याच्या उलट बाजूस आणखी एक सूक्ष्म गोष्ट आहे: ज्याचा धाक बसलेला असतो त्या कोपऱ्याकडे चढाईपटू फिरकतच नाहीत, आणि त्यामुळे एखाद्या रक्षकाचे सर्वोत्तम कार्य गुणतक्त्यात कोठेच उमटत नाही. अमेरिकन फुटबॉलमध्ये कडेने धावत चेंडू झेलणाऱ्या खेळाडूला रोखणाऱ्या कॉर्नरबॅकच्या बाबतीतही हीच अडचण येते, कारण उत्तम कॉर्नरबॅकच्या दिशेने चेंडू फेकलाच जात नाही. याखेरीज अव्वल पकडीला, म्हणजे मैदानात तीन किंवा त्याहून कमी रक्षक उरले असताना झालेल्या पकडीला, दोन गुण मिळतात. म्हणजे संघ खिळखिळा झालेला असताना रक्षकाच्या खात्यात भर पडण्याची संधी वाढते. अंक खोटे नसतात, पण ते कशाची साक्ष देतात हे ठरवल्यावाचून त्यांना साक्षीदार म्हणून उभे करता येत नाही.

आता प्रत्यक्ष उदाहरण घेता येईल. पुण्याच्या पुणेरी पलटण संघाने प्रो कबड्डी लीगच्या नवव्या हंगामासाठी इराणचा ख्यातनाम डावा कोपरारक्षक फझल अत्राचली याला १ कोटी ३८ लाख रुपयांना घेतले. संघ अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला आणि १७ डिसेंबर २०२२ रोजी जयपूरकडून ३३-२९ असा पराभूत झाला. पुढील हंगामात फझल संघात नव्हता. त्याच्या जागी त्याचाच देशबांधव मोहम्मदरझा शादलूई २ कोटी ३५ लाख रुपयांना आला, त्याने त्या दहाव्या हंगामात पकडींचे ९९ गुण मिळवून सर्वोत्तम बचावपटूचा मान पटकावला, आणि १ मार्च २०२४ रोजी हैदराबाद येथे हरियाणाला २८-२५ असे नमवून पुण्याने पहिले विजेतेपद मिळवले. आणि तरीही अकराव्या हंगामासाठी पुण्याने शादलूईला कायम ठेवले नाही. म्हणजे एकाच संघात, एकाच जागेवर, अंतिम सामना हरलेल्या संघाचा रक्षकही गेला आणि जिंकलेल्या संघाचा रक्षकही गेला.

पुढील दोन वर्षांनी तर सरळ निष्कर्ष काढू पाहणाऱ्यांची पुरती अडचण केली. शादलूई २ कोटी ७ लाख रुपयांना हरियाणाकडे गेला आणि हरियाणाने २९ डिसेंबर २०२४ रोजी, तेही पुण्याच्याच बालेवाडीत, विजेतेपद जिंकले, तर पुणेरी पलटण पहिल्या सहा संघांतही आली नाही. त्या वेळी पुण्याचा निर्णय चुकला असे म्हणणे स्वाभाविक होते. परंतु बाराव्या हंगामात शादलूई २ कोटी २३ लाखांना गुजरातकडे गेला, गुजरातला विजेतेपद मिळाले नाही, आणि त्याच्याविना खेळणारा पुण्याचा संघ ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी दिल्लीविरुद्धच्या अंतिम सामन्यात उतरला व ३१-२८ असा थोडक्यात हरला. एका वर्षी चूक ठरलेला निर्णय दुसऱ्या वर्षी शहाणपणाचा ठरतो, यावरून निर्णयाविषयी काहीच कळत नाही.

न्यायशास्त्रात कारण ओळखण्यासाठी अन्वय-व्यतिरेकाची पद्धत सांगितली आहे. एक गोष्ट असताना दुसरी असणे हा अन्वय, आणि ती नसताना दुसरीही नसणे हा व्यतिरेक. दहावा आणि अकरावा हंगाम पाहिले तर शादलूई आणि विजेतेपद यांचा अन्वय जुळतो, परंतु आठव्या हंगामात त्याने पाटण्याकडून खेळताना सर्वाधिक पकडी केल्या असूनही २५ फेब्रुवारी २०२२ च्या अंतिम सामन्यात पाटण्याला दिल्लीने ३७-३६ असे हरवले होते. एका गुणाने तो अन्वय मोडला. त्या एका गुणाच्या जागी दुसरा गुण पडला असता तर शादलूईच्या घोटापकडीत कोणता फरक पडला असता? काहीच नाही. तरीही त्याच्याविषयी जे बोलले गेले असते, ते पूर्णपणे वेगळे असते.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माच्या सिद्धीसाठी पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान म्हणजे कर्माचा आधार असलेले स्थान किंवा शरीर, कर्ता, करण म्हणजे साधने, चेष्टा म्हणजे निरनिराळ्या हालचाली, आणि दैव, आणि त्यानंतर लगेच असा इशारा दिला आहे की जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो त्याची दृष्टी यथार्थ नसते. हा विचार सामान्यतः अहंकाराच्या निरसनासाठी वापरला जातो, परंतु तो न्यायाधीशाच्या आसनावर बसलेल्यालाही तितकाच लागू पडतो, कारण दुसऱ्याच्या कर्माचे मूल्यमापन करणाराही एकालाच कर्ता मानण्याची चूक करीत असतो. दहाव्या हंगामातील पुण्याचा विजय या पाचांत वाटून पाहिल्यास अधिष्ठान म्हणून सबंध संघाची रचना आणि बी. सी. रमेश यांचे प्रशिक्षण उभे राहते. दुसऱ्या टोकाचा गौरव खत्री आणि मधले अबिनेश नादराजन व संकेत सावंत यांच्या साखळीवाचून डाव्या कोपऱ्यातील हात एकाकी पडला असता. अंतिम सामन्यात पहिल्या सत्राच्या अखेरीस पंकज मोहितेने एकाच चढाईत मिळवलेले चार गुण हे विजयाच्या तीन गुणांच्या अंतरापेक्षा अधिक होते. आणि दैव या पाचव्या कारणात दुखापती येतात, ज्यांचा अनुभव अकराव्या हंगामात कर्णधार अस्लम इनामदार संघाबाहेर गेल्यावर पुण्याने घेतला. खटाव-माणच्या अवर्षणी पट्ट्यात पाऊस न झालेल्या वर्षी पेरणीला दोष देणारा शेतकरी सापडणार नाही. खेळाच्या मूल्यमापनात मात्र असा दोष सर्रास दिला जातो.

येथे एक गंभीर आक्षेप उभा राहतो. फळ पाच कारणांत वाटले गेल्यास कर्त्याच्या वाट्याला काही उरतच नाही, आणि मग चांगला रक्षक व सामान्य रक्षक यांत भेद कशाच्या आधारे करायचा? १९७६ साली बर्नर्ड विल्यम्स आणि टॉमस नेगेल या तत्त्वज्ञांनी नैतिक दैवाची, म्हणजे ज्यावर कर्त्याची सत्ता नाही अशा गोष्टींमुळे त्याच्या कृत्याचे मोल बदलण्याची, जी समस्या मांडली, तीत नेगेलने हीच भीती व्यक्त केली होती की आपल्या हातात नसलेले सारे वजा करीत गेल्यास कर्ताच नाहीसा होतो. लोकमान्य टिळकांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त बाह्य परिणामापेक्षा कर्त्याच्या बुद्धीला श्रेष्ठ मानले, आणि नीतीच्या प्रांतात ते उत्तर समर्थ आहे, परंतु कबड्डीच्या मैदानात निव्वळ शुद्ध हेतूने घोटा हाती लागत नाही. म्हणून गीतेने ज्याला कर्मातील कौशल्य म्हटले आहे, त्याला येथे निकष मानावे लागते. कौशल्य हे हेतूप्रमाणे अदृश्य नाही आणि फळाप्रमाणे परावलंबीही नाही. झेपेची वेळ साधली काय, शेजाऱ्याची साथ येण्याइतका काळ पकड टिकवली काय, बोनस देऊन रक्षक वाचवायचा की धोका पत्करायचा याचा निवाडा त्या क्षणी योग्य होता काय, या गोष्टी जाणत्या डोळ्याला प्रत्येक चढाईत दिसतात, मग पुढे गुण मिळो वा न मिळो. शादलूईच्या बाबतीत या निकषावर फारसा संशय राहत नाही. पाटणा, पुणे आणि हरियाणा अशा तीन निरनिराळ्या संघांत, निरनिराळ्या शेजाऱ्यांसह त्याची झेप तितकीच धारदार राहिली, आणि शेजारी बदलूनही टिकलेली गोष्ट कर्त्याची स्वतःची मानणे युक्त आहे. त्याच्या उतावळेपणाने संघाला किंमत मोजावी लागली असे प्रसंगही याच निकषावर तपासले पाहिजेत. विजेतेपदाच्या झळाळीत ते झाकणे अन्यायाचेच आहे.

भवितव्याचा प्रश्न याहून निराळा आहे, आणि या दोहोंची गल्लत हेच बहुतेक वादांचे मूळ आहे. मागील हंगामात रक्षकाने काय केले, हा ज्ञानाचा प्रश्न आहे. पुढील हंगामात संघाने त्याच्यासह काय करावे, हा कर्तव्याचा प्रश्न आहे, आणि त्यात उपलब्ध रक्कम, तरुण खेळाडूंना द्यावयाची संधी, संघाची घडण अशा बाबी येतात, ज्यांचा रक्षकाच्या गुणवत्तेशी थेट संबंध नसतो. औंध संस्थानाने ही भेदरेषा फार धाडसाने ओळखली होती. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे १९३९ च्या सुमारास, मॉरिस फ्रीडमन यांच्या पुढाकाराने, गंभीर गुन्ह्यांची शिक्षा भोगणाऱ्या कैद्यांची खुली वसाहत उभी राहिली, जिच्यावरून ग. दि. माडगूळकरांनी ‘दो आँखें बारह हाथ’ या १९५७ च्या चित्रपटाची कथा रचली. त्या प्रयोगात गुन्हा घडला हे कोणी नाकारले नव्हते. भूतकाळाविषयीचा निवाडा तसाच ठेवून भविष्याविषयी वेगळा निर्णय घेण्यात आला होता. तोच न्याय उलट दिशेनेही लागू होतो: उत्कृष्ट ठरलेल्या खेळाडूला संघ निरोप देऊ शकतो, आणि तसे करताना त्याच्या कर्माचे मोल कमी झाले असे कोणी समजण्याचे कारण नाही.

मात्र निरोपानेही न फिटणारे काही शिल्लक राहते, आणि लिलावाच्या व्यवस्थेत त्याला जागा नाही, ही या व्यवस्थेची खरी उणीव मानावी लागेल. ठरलेले मानधन दिले की करार संपतो. परंतु भारतीय धर्मविचारात ऋण ही कल्पना मोबदल्याने संपणारी नाही, कारण ऋषिऋण आणि पितृऋण यांची फेड देणाऱ्याला परत करून नव्हे, तर त्याच्यापासून मिळालेले पुढे चालवून होते. पुण्याच्या ज्या तरुण रक्षकांनी एक हंगाम शादलूईच्या शेजारी साखळीत उभे राहून झेपेची वेळ जवळून पाहिली, त्यांनी ती पुढे कोणाला शिकवली, हे गुणतक्त्यात नोंदले जाणार नाही. पण संघाचे त्याच्याविषयीचे ऋण फिटले की नाही, हे तेथेच तपासावे लागेल.