अक्षहृदय : दैव आणि गणना

विदर्भाची राजकन्या दमयंती आणि तिचा पती नळ यांची महाभारताच्या वनपर्वातील कथा दैव व विवेक यांच्या नात्याचा मूलगामी विचार करते. भाऊ पुष्कर याच्याकडून द्यूतात राज्य गमावलेल्या नळाला विदर्भाच्या वाटेवर ऋतुपर्ण राजा बेहड्याच्या फांद्यांवरील पानाफळांची संख्या सांगतो आणि अक्षहृदय, म्हणजे फाशांचे मर्म जाणण्याची विद्या देतो; ती लाभताच नळाला झपाटलेला कली त्याचा देह सोडतो.

बॅकगॅमन या फाशांच्या खेळातही शर्यतीच्या टप्प्यात, सोंगट्या पटाबाहेर नेण्यासाठी उरलेल्या घरांची बेरीज करून, आघाडी आपल्या बेरजेच्या सुमारे ८ टक्के झाल्यास पण दुप्पट करावा आणि ती १२ टक्क्यांपर्यंत असल्यास प्रतिपक्षाने तो स्वीकारावा, असा संकेत आहे. कारण प्रतिपक्षाची जिंकण्याची शक्यता २५ टक्के असताना त्याची दुप्पट पणातील सरासरी हानी माघार घेतल्याने होणाऱ्या हानीइतकीच ठरते.

ही गणना पुढचे दान बदलत नाही, परंतु निर्णयाला लोभ आणि भय यांपासून सोडवते. म्हणून फळ दैवाधीन राहिले तरी कर्तृत्व माणसाचेच उरते. पुष्कराला जिंकूनही त्याचा वाटा त्याला परत देणारा नळ हे दाखवून देतो की, गणनेच्या विद्येला पूर्णत्व येते ते धर्मबुद्धीनेच.