फराळातील फळ



श्रीक्षेत्र गाणगापूरच्या भीमा-अमरजा संगमावर नरहरी नामक कुष्ठपीडित ब्राह्मणाने श्रीगुरूंच्या आज्ञेने औदुंबराच्या शुष्क काष्ठास नेमाने पाणी घातले, आणि त्याची निष्ठा पाहून श्रीगुरूंनी कमंडलूतील जल शिंपडताच त्यास पालवी फुटली, ही गुरुचरित्रातील कथा आपणांस ठाऊक आहे. कृपा झाली ती नेमानंतर. देहाच्या आरोग्याचेही असेच आहे. ते एका दिवसाच्या पथ्याने नव्हे, वर्षानुवर्षांच्या नेमाने लाभते.

आता आपल्या उपवासाकडे पाहू. ‘फराळ’ हा शब्द ‘फलाहारा’पासून झाला. परंतु गुरुवारी वा एकादशीस आपल्या पानात काय असते? साबुदाण्याची खिचडी, तळलेले बटाटे, गोड लाडू. शब्दात फळ राहिले, पानातून मात्र गेले! साबुदाणा हे बहुतांशी निव्वळ पिष्ट होय. उपवास अधिक करतात त्या आपल्या माता-भगिनी. तेव्हा मधुमेहाची झळ त्यांना लागू नये, याची चिंता घरातील सर्वांनीच वाहावयास हवी.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांस दिवसाकाठी निदान 400 ग्रॅम फळे व भाज्या खाण्यास सांगते, आणि त्यात बटाटा धरीत नाही. अशा आहाराने हृदयविकार व पक्षाघात यांचा धोका घटतो. याकरिता दूरदेशीची महाग सफरचंदे नकोत. बीदरच्या तांबड्या जांभ्या जमिनीत पेरू आणि सीताफळ आनंदाने वाढतात. 100 ग्रॅम पेरूत सुमारे 200 मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व असते. संत्र्याच्या ते जवळजवळ चौपट भरते. मात्र फळ चावून खावे. रस गाळला की चोथा जातो आणि साखर तेवढी उरते. ज्यांस मधुमेह वा मूत्रपिंडाचा विकार आहे, त्यांनी कोणते फळ किती खावे हे वैद्यांस विचारावे.

गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंतांनी पान, फूल, फळ आणि पाणी एवढ्यावरच संतोष मानला आहे. देवास जे पुरते, ते आपणांस उणे का वाटावे?

म्हणून येत्या गुरुवारी खिचडीची वाटी अर्धी करावी आणि तिच्या शेजारी एक पेरू ठेवावा. देवापुढील केळेही प्रसाद म्हणून घरातील सर्वांनी वाटून खावे. लहानसाच नेम, पण तो मोडू नये.

श्रीगुरू सर्वांस आरोग्य देवोत.