रविवारचा खाडा

भातकापणी आटोपली की सुरगाण्याच्या पाड्यांवरची कितीतरी कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांकडे मजुरीला जातात. त्यांतल्या एखाद्या ख्रिस्ती मजुराने उपासनेसाठी रविवारी काम नाकारले, तर त्याचा खाडा पडतो आणि तो कुणी भरून देत नाही. देवावरच्या विश्वासाची चर्चा आपल्याकडे बहुधा बऱ्या झालेल्या आजारांच्या साक्षींपासून सुरू होते. ती या खाड्यापासून सुरू व्हायला हवी, असे मला वाटते. आजार बरा झाला म्हणून जडलेला विश्वास पुढच्या आजारापाशी अडखळतो, कारण तो देवावर नव्हे, निकालावर बसलेला असतो. खाडा करणाऱ्याला मात्र दर आठवड्याला तोच निर्णय नव्याने घ्यावा लागतो. काय गेले हे त्याला रुपयांत कळते, आणि त्याशिवायही आठवडा निभावला हे तो स्वतः पाहतो. चमत्कार म्हणावे असे त्यात काही घडत नाही. म्हणूनच ते पाहणे टिकते.

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा नाशिक जिल्ह्यातल्याच एका बाईने लिहून ठेवला आहे. लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म जलालपूरचा, आणि वडील मीठ-साखरही धुऊन घ्यायला लावणारे. पती नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंना ते पटले नाही. त्या काही वर्षे वेगळ्या राहिल्या. परत आल्या तेव्हाही सोवळे घेऊनच आल्या. त्यांचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचताना लक्षात येते की त्यांचे मन कुणाच्या वादविवादाने वळलेले नाही. आधी शिवाशिव सुटली, कुणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय झाला, आणि बाप्तिस्मा आला तो त्यानंतर, 1900 मध्ये. पती विद्वान, बोलण्यात पटाईत. तरी त्यांच्या युक्तिवादाला जे जमले नाही ते रोजच्या पाण्याच्या भांड्याने केले. आधी पूर्ण खात्री करून घेऊ आणि मग पाऊल टाकू, असे म्हणणाऱ्यांनी हा क्रम जरा बारकाईने पाहावा.

यावर एक आक्षेप खरोखर वजनदार आहे. पुन्हा पुन्हा केलेल्या कृतीने कोणतीही श्रद्धा घट्ट होते, चुकीचीसुद्धा. भगताकडे जाणाऱ्याचाही विश्वास असाच वाढतो. हे मान्यच करावे लागेल. सरावाने देवाचे अस्तित्व सिद्ध होत नाही. ख्रिस्ती माणूस ती बाब येशूच्या जीवनावर आणि पुनरुत्थानाच्या साक्षीवर सोपवतो. सरावाचे काम निराळे आहे: जे ओठांवर मान्य आहे ते हातापायांत उतरवणे. दुसरा आक्षेप, की गरिबाला असा भरवसा परवडत नाही, तो निष्काळजीपणा ठरतो. पण बायबलमधल्या निर्गमाच्या सोळाव्या अध्यायातले मान्ना, म्हणजे देवाने रानात पुरवलेले अन्न, मिळाले ते नुकत्याच गुलामीतून सुटलेल्यांनाच. रोजचे रोज गोळा करायचे. साठवले तर किडे पडत. सहाव्या दिवशी मात्र दुप्पट गोळा करण्याची आज्ञा होती, आणि ते नासले नाही. म्हणजे विश्वास तरतुदीच्या विरुद्ध नाही. शनिवारी रविवारचे पीठ दळून ठेवणे त्यातच येते. पंडिता रमाबाईंनी 1896-97 च्या दुष्काळात शेकडो मुली आणून सांभाळल्या त्या प्रार्थनेच्या बळावर, पण केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये शेती होती, छापखाना होता, मुलींना कामे शिकवली जात होती.

खरा धोका वेगळ्या ठिकाणी आहे, आणि आदिवासी पट्ट्यातल्या मंडळ्यांनी त्याकडे काणाडोळा करू नये. मजुरी सोडणारा स्वतःचे सोडतो. तापाने फणफणलेल्या लेकराला दवाखान्यात न नेता केवळ प्रार्थनेवर ठेवणारा बाप मात्र लेकराचे सोडत असतो. मंदिराच्या शिखरावरून उडी टाकून देवाची परीक्षा पाहायला येशूने नकार दिला. तिथे तर जीव त्याचा स्वतःचा होता. दुसऱ्याच्या जिवावर केलेल्या भरवशाला विश्वास म्हणणाऱ्या उपदेशकाला मंडळीने तिथेच थांबवले पाहिजे. सुरगाण्याच्या ग्रामीण रुग्णालयात जाताना जीपमध्ये बसूनही प्रार्थना होते, आणि डॉक्टरची चिठ्ठी घेऊन परतणाऱ्याचा विश्वास कमी भरला असे शुभवर्तमानात कुठेही लिहिलेले नाही.