अनोळखी आवाज आणि आपला शिष्टाचार

गेल्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील एक निवृत्त शिक्षिका सकाळच्या मिस्सानंतर पडवीत थांबल्या. दोन दिवस त्या आपल्याच घरात, आपल्याच खुर्चीत, मोबाइलच्या पडद्यापुढे ‘अटकेत’ होत्या. पोलिसी गणवेशातला कोणी इसम त्यांना बजावीत होता, की तुमच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडले आहेत. कोणाशी बोललात तर मुलालाही गोवू. पैसे तपासणीसाठी अमुक खात्यात भरा, निर्दोष ठरलात की परत मिळतील. त्यांनी भरले. निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या रकमेतले उरलेसुरले बहुतेक सारे. हे त्यांनी पापनिवेदनात नव्हे, पडवीत सांगितले आणि ‘नाव न घालता लिहा, दुसरे कोणी वाचेल’ अशी अनुज्ञाही दिली. म्हणूनच हे लिहिण्याचे धाडस करीत आहोत.

पण आमच्या मनात रुतून बसले ते त्यांचे एक वाक्य. “फादर, माणूस बोलत असताना मध्येच फोन कसा ठेवायचा? उद्धटपणा नाही का तो?”

वाचकहो, हा शिष्टाचार त्यांना कोणी शिकवला? आम्हीच. ओसरीवर आलेल्याला पाणी विचारावे, वडीलधाऱ्यांचे बोलणे तोडू नये, अधिकाऱ्यापुढे खरे तेच सांगावे, हे धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्हीच घोकून घेतले. भामट्याने तिजोरी फोडली नाही; त्याने हा सद्‌गुणच किल्लीसारखा वापरला. तेव्हा प्रश्न केवळ सावधगिरीचा राहत नाही. दारात न येता थेट कानात शिरणाऱ्या या आवाजाचे आपण नेमके काय देणे लागतो?

प्रथम एक भेद करावयास हवा. कर्ज किंवा विमा विकण्यासाठी भर दुपारी झोपमोड करणारी मुलगी भामटी नव्हे. दिवसाला ठरावीक फोन करण्याचे तिचे काम आहे, आणि तिच्यावर खेकसणारे आपल्यातलेच काही सज्जन तोच राग वरिष्ठांपुढे गिळून बसतात, हे आम्ही पाहिले आहे. तिला ‘नको, धन्यवाद’ एवढे म्हणून फोन ठेवला तर न्यायही झाला आणि प्रेमही. ज्यांना हे फोनच नको असतील त्यांनी १९०९ वर नोंदणी करावी. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ही सोय कधीचीच केली आहे. तिने सगळेच फोन थांबत नाहीत, हा आमचाही अनुभव आहे.

भामट्याची गोष्ट निराळी. आमच्या युवक मंडळातील एक चलाख मुलगा अशा इसमांना खोटे नाव, खोटा खातेक्रमांक सांगून तास तास गुंतवून ठेवतो आणि विचारतो, “फादर, चोराशी खोटे बोलणे हे पाप का?” प्रश्न थट्टेचा नाही. संत अगस्टीन यांनी असत्यावर दोन स्वतंत्र ग्रंथ लिहिले आणि कोणत्याही कारणासाठी खोटे बोलू नये असाच कौल दिला. संत थॉमस अक्वायनसही असत्याला मुभा देत नाहीत. मात्र सत्य शहाणपणाने झाकून ठेवणे निर्दोष मानतात. १९९२ साली प्रसिद्ध झालेला धर्मशिक्षणग्रंथ तर स्पष्टच सांगतो, की ज्याला सत्य जाणण्याचा अधिकार नाही त्याला ते सांगण्यास कोणीही बांधील नाही. त्या मुलाला आम्ही म्हणालो, तुझे पाप मोठे नसेल. पण गप्प राहून फोन ठेवण्याची वाट मोकळी असताना तासभर ढोंगाची तालीम कशाला? त्याला आमचे पटले नाही. तेवढ्या तासात एखादी म्हातारी वाचते, असे तो म्हणतो. या उत्तरापुढे आम्ही थोडे निरुत्तर झालो, हे कबूल करतो.

आणि पलीकडे आहे तरी कोण? आमच्या वसईच्या खाडीपलीकडे, मीरा रोडला, ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी काही कॉल सेंटरांवर छापे घातले. तेथील तरुण अमेरिकी कर खात्याचे अधिकारी असल्याची बतावणी करून तिकडच्या लोकांना लुबाडीत होते. बोली बदलून, नावे बदलून, पगारासाठी. आपल्याच लोकलमधून जाणारी मुले ती! उलटपक्षी, संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने २०२३ मध्ये सांगितले, की म्यानमारमध्ये किमान १,२०,००० आणि कंबोडियात सुमारे १,००,००० माणसे अशा फसवणुकीसाठी जबरीने राबविली जात असावीत. नोकरीच्या आमिषाने नेलेल्या पाचशेहून अधिक भारतीयांना मार्च २०२५ मध्ये विमानाने परत आणावे लागले. आवाजावरून गुलाम कोणता आणि लोभी कोणता, हे ओळखता येत नाही. म्हणून शिवीगाळ नको, असे आम्हांस वाटते. संभाषण तर त्याहून नको.

आपल्या कायद्यात ‘डिजिटल अटक’ नावाची गोष्टच नाही. पोलीस व्हिडिओवर कोणाला डांबीत नाहीत, न्यायालय फोनवर पैसे मागत नाही. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, तेथून तिसऱ्यात पळत असतो आणि तो गोठवण्यासाठी पहिले काही तासच मोलाचे.

बाईंनी मात्र कळवायला पाच दिवस लावले. कारण लाज. ‘शिकलेली असून फसलीस कशी?’ हा प्रश्न घरातून येईल, या भीतीने त्यांनी मस्कतच्या मुलालाही सांगितले नव्हते. भामटा ‘कोणाशी बोलू नका’ म्हणाला होता. तो गेल्यावरही त्याची आज्ञा त्या पाळीत होत्या. त्यांचे दुःख ऐकताना आम्हांस त्या चोराइतकाच राग आपल्या घराघरांतल्या त्या प्रश्नाचा आला.

पडवीतूनच आम्ही आमच्या मोबाइलवरून मुलाला फोन लावला. त्याने उचलला नाही, अनोळखी क्रमांक. पुन्हा लावला, पुन्हा तेच. बाई प्रथमच हसल्या. मग पिशवीतून स्वतःचा फोन काढून त्यांनी लावला, आणि दुसऱ्याच घंटेला “बोल गं आई” असे ऐकू आले. आम्ही उठून आत गेलो.