डॉक्टरांना काय वाटेल?

“इतकी वर्षं घरच्यासारखे आहेत, आता दुसरीकडे गेलीस तर त्यांना काय वाटेल?” माझ्या सेहेचाळीस वर्षांच्या मैत्रिणीला तिच्या नणंदेने हे विचारलं, आणि ते वाक्य काही केल्या माझ्या डोक्यातून जाईना. मॅमोग्राफी करून घेऊ का, एवढंच तिने नेहमीच्या डॉक्टरांना विचारलं होतं. “काही त्रास आहे का? नाही ना? मग कशाला?” म्हणत त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं. तेव्हापासून डॉक्टर बदलायचं तिच्या मनात घोळत होतं. मी पूर्णपणे तिच्या बाजूची होते.

स्तनांचा कर्करोग लवकर कळला तर उपचार सोपे जातात, हे आपण सगळ्यांनी वाचलेलं असतं. पण एक फरक बायकांना कुणी नीट समजावून सांगत नाही, आणि माझ्या मते सगळं त्यावरच ठरतं. एखादीच्या हाताला गाठ लागते, कातडी आत ओढल्यासारखी दिसते, बोंडातून रक्त येतं. दुसरीला कसलीच तक्रार नसते. पहिलीच्या बाबतीत मतभेदाला जागाच नाही. आधी हाताने तपासणी, मग सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी, आणि संशय वाटला तर सुईने नमुना घ्यायचा. गाठ असलेल्या बाईला “दुखत नाही ना, मग सोडा” असं जे डॉक्टर सांगतील, त्यांच्यासमोरून तिने त्याच क्षणी उठावं. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही.

तक्रार नसलेल्या बाईच्या बाबतीत मात्र जगभरचे तज्ज्ञ वाद घालतात. अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीने २००९ मध्ये नियमित मॅमोग्राफी पन्नाशीपासून सांगितली, २०२४ मध्ये चाळिशीपासून. ब्रिटनमध्ये पन्नाशीनंतर दर तीन वर्षांनी बोलावतात. तरुण वयात स्तनांची घडण दाट असते, चित्रात गाठ लपू शकते, आणि नसलेल्या आजाराची धास्ती बसून सुयाही टोचून घ्याव्या लागतात. मुंबईत टाटा मेमोरियलच्या डॉ. इंद्रनील मित्रा यांनी १९९८ मध्ये दीड लाखाहून अधिक बायकांचा अभ्यास सुरू केला. त्यातल्या निम्म्या बायकांचे स्तन दर दोन वर्षांनी प्रशिक्षित आरोग्यसेविका हाताने तपासत. २०२१ मध्ये निष्कर्ष आले: पन्नाशी ओलांडलेल्या बायकांत या आजाराचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले, त्याखालच्या वयात तशी घट दिसली नाही.

म्हणजे सेहेचाळीसच्या मैत्रिणीला मिळालेलं “मग कशाला” हे अडाणी उत्तर नव्हतं. हे वाचल्यावर माझा राग निम्मा उतरला. उरलेला निम्मा अजून आहे. आई, मावशी, बहीण, कुणाला हा आजार झाला होता का, हे त्यांनी विचारलंच नाही. केंद्र सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत तिशीपासून पासष्टीपर्यंत दर पाच वर्षांनी हाताने तपासणी सांगितलेली आहे, तीही झाली नाही. ज्या “नको”मागचं कारण सांगितलं जात नाही, त्यावर बाईने विश्वास ठेवायचा कसा?

नणंदेचं “त्यांना काय वाटेल” हे म्हणणं मला आजही मान्य नाही. डॉक्टरांचं मन राखणं हे पेशंटचं काम नव्हे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या २०१८ च्या रुग्णहक्क सनदेत दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेण्याचा हक्क आहे. मागितलेली कागदपत्रं ७२ तासांत द्यावीत, हा वैद्यक परिषदेचा नियम २००२ पासूनचा आहे.

पण “घरच्यासारखे” या शब्दाशी मी अडले. आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडी-औरंगपुऱ्यात असे दवाखाने मी लहानपणापासून पाहिलेत. पोरांचा ताप, सासूबाईंची शुगर, सासऱ्यांचं बीपी, सगळं एकाच डॉक्टरांकडे. रात्री-अपरात्री फोन केला तरी ते उचलतात, पैशांचं नंतर बघू म्हणतात. असा माणूस सोडू नये, हे नणंद म्हणते ते खरंच आहे. आणि नेमकं म्हणूनच सुनेला त्यांच्यासमोर छाती उघडी करण्याचा संकोच वाटतो, त्यांनाही “तपासू का” म्हणवत नाही. घरोब्यामुळेच ही एक तपासणी राहून जाते. एवढ्या एका कामासाठी परक्या, शिकलेल्या बाईचा हात बरा.

त्यामुळे मैत्रिणीला मी आता वेगळं सांगितलं. डॉक्टर बदलू नकोस, पण या तपासणीसाठी स्त्री-डॉक्टरकडे जा, आणि गेलीस हे आपल्या डॉक्टरांना स्पष्ट सांग. त्यांनी कारणं समजावली तर त्यांच्याकडेच राहा. नुसतं हसण्यावारी नेलं, तर मात्र खुशाल बदल.

डॉक्टर निवडण्याची ही चर्चाही मोजक्याच बायकांच्या वाट्याला येते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी जेमतेम ०.९ टक्के जणींनी कधीतरी स्तनांची तपासणी करून घेतली होती. आमखास मैदानाजवळचं शासकीय कर्करोग रुग्णालय २०१२ पासून आपल्याच शहरात आहे. हाताला गाठ लागत असेल तर कुणाला काय वाटेल हे न बघता याच आठवड्यात तिथे जा.