व्यसनी पालक आणि अपत्याचा अधिकार

राम गणेश गडकरी यांचे 'एकच प्याला' १९१९ साली रंगभूमीवर आले. तेव्हापासून सिंधूच्या पातिव्रत्यावर आणि सुधाकराच्या अधःपातावर महाराष्ट्राने पुष्कळ अश्रू ढाळले व पुष्कळ वादही केले. सिंधूने पतीला सोडावे की सोडू नये, हा वाद अजूनही संपलेला नाही. परंतु बापाच्याच हातून जीव गमावणाऱ्या त्या अर्भकाचा पक्ष घेऊन बोललेले शब्द त्या मानाने थोडेच. या लेखात आम्ही तो पक्ष घेणार आहो.

पतिपत्नी विभक्त झाली आणि त्यांपैकी एकाला, मग तो बाप असो वा आई, मद्याचे वा अन्य मादक पदार्थाचे व्यसन असले, तर मुलाच्या संगोपनात त्याचा वाटा किती असावा? १८९० च्या पालक व पाल्य कायद्याने पाल्याचे हित पाहण्यास सांगितले. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याने तेच हित सर्वोपरी मानले. २०१५ साली विधी आयोगाने आपल्या २५७ व्या अहवालात संयुक्त पालकत्वाचा विचार केला, तोही हिताची कसोटी न सोडता. पण हित म्हणजे काय, हे कायदा सांगत नाही. ते विवेकाने ठरवावे लागते.

येथे दोन मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, ज्याने बाटलीसाठी संसार मोडला त्याला मूल दाखवूच नये. दुसरा म्हणतो, व्यसन हा रोग आहे. मुलाच्या ओढीनेच तो सुधारेल, ती ओढ तोडू नका. व्यसन हा रोग आहे, हे आम्हांस मान्य आहे. पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचे कार्य याच समजुतीवर उभे आहे. तथापि फेफरे येणाऱ्या सारथ्याला आपण दोष देत नाही, म्हणून काही लगाम त्याच्या हाती देत नाही. दोष आणि विश्वास या दोन निराळ्या गोष्टी होत. वस्तुतः दोन्ही पक्षांची चूक एकच आहे : पहिला मुलाला शिक्षेचे साधन करतो, दुसरा औषधाचे. मूल यांपैकी काहीही नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे की, भेट हा मूलतः अपत्याचा अधिकार मानावा. असे मानले की मर्यादा आपोआप ठरतात. भेटीच्या वेळी पालक शुद्धीवर असला पाहिजे. संशय असेल तेथे तिसरे विश्वासू माणूस हजर असले पाहिजे. आणि दिलेली वेळ पाळली पाहिजे. आठवड्यातील एक निश्चित तास हा चार अनिश्चित दिवसांहून मुलाला अधिक आधार देतो. वेळेची समान वाटणी मोठ्यांना न्याय्य वाटेल. मुलाला हवी असते ती खात्री.

हे सारे दोन घरे गृहीत धरून झाले. जमशेटजी टाटा यांनी १८८६ साली घेतलेल्या स्वदेशी गिरणीच्या आश्रयाने कुर्ल्यात जी कामगारवस्ती वाढली, तिच्यासारख्या वस्तीत एका खोलीची दोन घरे कोठून व्हावीत? ज्या संकुलाच्या नावात वांद्र्याबरोबर कुर्लाही आहे, तेथे कुटुंब न्यायालय आहे. परंतु तेथवर न जाणाऱ्या कुटुंबांची देखरेख आजी, मामा आणि शेजारीण यांच्यावरच येऊन पडते. रात्री शेजारणीकडे झोपायला पाठविलेले मूल हीदेखील ताब्याची व्यवस्थाच होय, मात्र तिच्यावर कोणाचा शिक्का नसतो. अशा शेजाऱ्याने 'घरचे भांडण' म्हणून दार लावून घेणे, हा आमच्या मते अधर्म आहे.

शुद्धीवर असलेल्या पालकाचेही एक कर्तव्य आहे. जोडीदाराचे व्यसन हे त्याच्या हाती आयते शस्त्र असते. जुने वैर फेडण्यास ते उपसण्याचा मोह त्याने आवरावा. मुलाशी खोटे बोलू नये आणि निंदाही करू नये. 'बाबा आजारी आहेत, आज भेटता येणार नाही. यात तुझा काही दोष नाही', एवढे सत्य लहान मुलालाही पेलते. सिंधूने मरताना असत्य बोलून पतीला वाचवू पाहिले. त्या असत्याला आम्ही उदात्त म्हणत आलो. ज्या घरात मूल जिवंत आहे, तेथे मात्र सत्यच अधिक दयाळू ठरते.