काळीज कुणाचं?

बाबांना स्मार्टवॉच घेऊन दिलं, तेव्हा सांगितलं होतं, ‘रंकाळ्यावर किती पावलं चालता ते कळेल.’ त्यांचा फोन साधा, म्हणून घड्याळ माझ्याच फोनला जोडलं. एका संध्याकाळी माझ्या स्क्रीनवर सूचना आली : हृदयाची लय अनियमित वाटते, डॉक्टरांना भेटा.

घरात चुलतबहिणीचं लग्न होतं. मी गप्प बसलो.

गप्प बसून वाचत राहिलो. घड्याळामागचा हिरवा प्रकाश मनगटातल्या रक्ताची लाट टिपतो. ठोक्यांमधलं अंतर वेडंवाकडं झालं की त्याला एट्रियल फिब्रिलेशनचा संशय येतो. त्यात हृदयाचे वरचे कप्पे नुसतेच थरथरतात, तिथे रक्त साकळतं आणि गुठळी मेंदूत गेली तर पक्षाघात. धोका साधारण पाचपट. पण घड्याळ निदान करत नाही. २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ॲपल हार्ट स्टडी’त चार लाखांवर लोक होते. सूचना आल्यावर ज्या ४५० जणांनी ईसीजीची पट्टी लावून परत पाठवली, त्यांच्यातल्या ३४ टक्क्यांमध्येच हा विकार सापडला. बाकीच्यांची सूचना खोटीच होती, असंही नाही. ही लय येते-जाते. मला मात्र तेवढी पळवाट पुरली.

लग्न झालं. नव्या जोडप्याबरोबर जोतिबाला जायचं ठरलं. बाबा म्हणाले, ‘मी डोंगर चालत चढणार.’ मी नको म्हणालो, खोटी कारणं दिली. शेवटी खरं सांगावं लागलं.

‘चार दिवस झालं तुला म्हाईत हाय?’ ते म्हणाले. ‘आणि काळीज कुणाचं रे लेका?’

वैद्य नाडी बघायचे, तेव्हा माणूस स्वतः हात पुढे करायचा. तीच परवानगी. बाबांनी हात दिला होता पावलं मोजायला. न विचारता हृदय वाचलं, ही चूक एखाद्या सेटिंगवर ढकलता येईल. वाचून लपवलं, ही सगळी माझी. त्याला मी काळजी म्हणत होतो. खरं तर जपत होतो लग्नाचा मांडव आणि स्वतःची सोय. कळलं असतं तर बाबा त्याच दिवशी दवाखान्यात गेले असते, किंवा वरातीत तसेच नाचलेही असते. ते ठरवण्याचा हक्क मी चार दिवस खिशात घेऊन फिरलो.

पहिला ईसीजी चांगला आला. डॉक्टरांनी चोवीस तासांचा होल्टर लावला, त्यात सापडलं. गोळी सुरू आहे. नातेवाईक म्हणतात, पोरानं बापाला वाचवलं. मला तेव्हा कुठे बघावं कळत नाही.

बाबांनी आता स्मार्टफोन घेतलाय. सूचना त्यांच्याकडे येतात. मला सांगायचं की नाही, ते बघतील.